मोताळ्याचा नमुना

ये गं, जरा जवळ ये. कागदावरून का होईना, पण जवळ ये, म्हणजे मला तुला नीट रागावता येईल. लांबून ओरडायचं वय राहिलं नाही माझं, दम लागतो. परवा तुझ्या आईकडून कळलं, की वर्षभर तुझे खांदे दुखतात, मांड्या दुखतात, वेणी घालता घालता हात खाली येतो, आणि तू हे घरात कुणाला सांगितलंच नाहीस. का, तर म्हणे तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. रक्त चांगलं, फोटो चांगला, शेवटी दंडातला मांसाचा एवढासा तुकडा काढून तपासला, तोही चांगला. 'आता कोणत्या तोंडानं दुखतं म्हणू,' असं म्हणालीस म्हणे आईला. अगं शहाणे, माणसाला तोंड एकच असतं. त्याच तोंडानं म्हणायचं.

तुकड्याचं ऐकलं आणि मला आमचे मोताळ्याचे डिरीलमास्तर आठवले. त्यांची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आता ऐक. पाठ टेकून बस, मास्तर असते तर टेकू दिली नसती.

मी लग्न होऊन मोताळ्याला आले तेव्हा नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. तुझे काका कापसाच्या जिनात कारकून होते. आम्ही राहायचो मास्तरांच्या मागच्या दोन खोल्यांत. मास्तर म्हणजे आमचे घरमालक आणि गावच्या शाळेतले कवायतीचे शिक्षक. अंगानं काठीसारखे, दिवाळीलाही खाकी अर्धी चड्डी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र आणि मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी, दोन्ही कधी उतरलेलं मी पाहिलं नाही. काकू म्हणजे मास्तरांची बायको. एक शिट्टी वाजली की चहा, दोन वाजल्या की आंघोळीचं पाणी. घरात एक गाय होती, तीही एका शिट्टीवर गोठ्यातून मान बाहेर काढायची. काकू म्हणायच्या, "चहा मले मांडा लागते, अन् शिट्टीवर आधी गाय येते."

विहिरीवर हंडे लावायचे ते उंचीच्या क्रमानं. मी नवी नवरी, पहिल्याच दिवशी माझी छोटी कळशी पुढे ठेवली. मागून आवाज आला, "क्रमांक चुकला." मी इतकी घाबरले की हात मांड्यांना लावून ताठ उभी राहिले. मास्तर खूश झाले. काकूंना म्हणाले, "भाडेकरू चांगले भेटले." माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण मास्तर वाचून झालेलं वर्तमानपत्र माझ्या उंबऱ्यात टाकायचे, आणि मी डाळ निवडता निवडता वाकून वाचायला लागले की ओरडायचे, "पाठ सरळ. वाचनाले पाठ लागते." आज जे काही चार शब्द लिहिते ते त्या वर्तमानपत्रांमुळे, आणि अजून ताठ बसते तेही त्यामुळेच.

त्यांच्या आज्ञांचीही एक गंमत होती. आमचा मुलूख आधी हिंदी प्रांतात, मग मराठी राज्यात. जुन्या आज्ञा मास्तरांच्या जिभेवर, नव्या आज्ञा वरून आलेल्या. तोंडातून दोन्ही निघायच्या. "दाहिने... उजवीकडे... मूड... वळ." अर्धी शाळा पहिल्या शब्दाला वळायची, अर्धी शेवटच्या, आणि मधली पोरं एकमेकांच्या तोंडावर तोंड आपटून उभी. मास्तरांना त्यात काही चुकलंसं वाटायचं नाही. ते म्हणायचे, "वळले नं? मंग झालं."

आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते अख्ख्या गावाला पाठ होतं. कवायतीत एखाद्या पोरानं म्हटलं, की गुरुजी, पाय दुखतो, की मास्तर त्याच्यासमोर येऊन उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, "दुखणं म्हणजे आळसाचं सासरचं नाव." मग पोरगं पळायचं. ताप असो, काटा असो, पळायचं.

आता बघ देवाची कशी खोड असते ती. पन्नाशीच्या आसपास मास्तरांचे पायच दुखायला लागले.

आधी पोटऱ्या, मग मांड्या. पळताना नाही फक्त, उभं राहून, बसून, अगदी पाटावरून उठतानाही. सूज नाही, जखम नाही, अंगात कणकण नाही. वरून पाहिलं तर पाय कसे, नव्या खांबासारखे. मास्तर अंगणात उन्हात पाय पसरून बसायचे आणि त्यांच्याकडे असे बघायचे, जणू एखादा हुशार मुलगा अचानक नापास झाला. पोटरीवर थाप मारून हुकूम द्यायचे, "विश्राम." पोटरी काही ऐकायची नाही. मला एकदा म्हणाले, "सूनबाई, अख्ख्या जल्मात माह्या हुकूम मोडणारी ही पह्यलीच."

काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "काऊन दुखते? तुम्ही काय वखर हाकून राह्यले?"

हेडमास्तरांना सांगितलं, ते म्हणाले, "काऊन हो मास्तर, झोप नाही झाली का?"

बाजारात, पानठेल्यावर, एस.टी.च्या थांब्यावर सगळे त्यांचेच विद्यार्थी. शिंपी त्यांचा विद्यार्थी, पोस्टमन त्यांचा विद्यार्थी, मोटारीचा कंडक्टरही. मास्तर लंगडताना दिसले की प्रत्येक जण अगदी आदरानं हात जोडायचा आणि म्हणायचा, "मास्तर, दुखनं म्हंजे आळसाचं सासरचं नाव." एकही शब्द इकडचा तिकडे नाही. शिकवलेलं इतकं पक्कं लक्षात राहिलेला विषय शाळेत दुसरा नसेल.

उपाय झाले. एरंडाचं पान झालं, रेतीच्या पुरचुंडीचा शेक झाला, बिब्ब्याचे चटके झाले. मग कुणीतरी म्हणालं, पायाळू माणसाची लाथ लागली पाहिजे, म्हणजे जो पायाकडून जन्मला त्याची. गावात पायाळू एकच, चौकातला न्हावी. तोही मास्तरांचाच विद्यार्थी, आणि मास्तरांनी त्याला लहानपणी मैदानाला पुष्कळ फेऱ्या मारायला लावलेल्या. मास्तर अंगणात पालथे झोपले. काकू म्हणाल्या, "हळू मार बा." न्हाव्यानं धोतर खोचलं, डोळे मिटले, आणि सगळ्या फेऱ्या आठवून एकच लाथ घातली. मास्तर गायीच्या गोठ्यापर्यंत गेले. पाय दुखायचे थांबले नाहीत, कंबर मात्र नव्यानं सुरू झाली. न्हावी जाताना म्हणाला, "पुन्हा लागली तं सांगजा मास्तर, मी घरीच राह्यतो."

हसू नको फार. कारण आम्ही सगळे हसत होतो आणि मास्तर आतून खचत होते. हेडमास्तरांनी त्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, की पोरांबरोबर धावणं जमत नसेल तर कवायत नव्या शिक्षकाला देऊ आणि तुम्ही पहिलीला पाढे सांगा. पण मास्तरांना खुपत होतं ते पाढ्यांचं नव्हे. त्यांनी उभ्या जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता गाव म्हणत होतं, मास्तरनं सोंग घेतलं. त्यांना बाकी काही नको होतं. कुणीतरी एकदा म्हणावं, हो, दुखतं तुम्हाला. एवढंच.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, वरून काही कळत नाही, नागपूरला जा. तिथे मांसाचा नमुना काढतात, त्याचे कागदाहून पातळ काप करतात, रंगवतात आणि काचेखाली बघतात. मास्तर नाचायचे तेवढे बाकी राहिले. "आता डोयानं दिसन," म्हणाले. "मंग बोला म्हणाव."

सोबतीला काकूंचा भाऊ निघाला. गाव त्याला मामा म्हणायचं. गावाबाहेर वांग्या-मिरच्यांचा मळा होता त्याचा. असा दणकट माणूस, की बैल बसला तर बैलाच्या जागी स्वतः उभा राहील. दुखणं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, आणि मास्तरांच्या दुखण्यावर सगळ्यात जास्त तोच हसायचा. मास्तरांना तो जवाईबापू म्हणायचा, पण अशा सुरात की त्यात मान कमी आणि मिरची जास्त.

नागपूरला काय झालं ते मामानं पुढे इतक्या वेळा सांगितलं, की मला वाटतं मीच गेले होते. मलकापूरहून रेल्वेनं दोघं गेले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, या मांसाच्या नमुन्यांचाच अभ्यास करणारा. त्यानं मास्तरांच्या पोटरीला सुई टोचून जागा बधिर केली, वाटाण्याएवढा तुकडा काढला आणि दोन टाके घातले. मग हात धुताना सहज म्हणाला, "ज्याला काहीच दुखत नाही, अशा धडधाकट माणसाचा नमुना जोडीला मिळाला तर फार बरं होईल. शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. पण जबरदस्ती नाही, कुणी मनानं दिला तरच."

मास्तरांनी मामाकडे बोट केलं. "हा घ्या. याले अजून काटाही दुखला नाही."

मामा म्हणाला, "मी तं सोबतीले आलो न जवाईबापू. मले काऊन कापून राह्यले?"

"भेऊन राह्यला काय?"

बस्. एवढा एक शब्द पुरला. मामानं धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि पाय टेबलावर ठेवला. "पाह्यजे तेवढा घ्या साहेब. भाजीपुरता."

दोघं आपापल्या पोटरीला पट्टी बांधून परत आले. काकूंनी दारातच विचारलं, "अन् तो तुकडा कुठं हाये?"

"ठेवला त्यायनं. बाटलीत."

"तुमचाच होता न? मंग वापस काऊन नाही मांगला?"

"त्याचं काय करू आता? भाजी?"

काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी कानावर हात ठेवले. पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. जित्या माणसाच्या अंगाचा तुकडा परगावी राहिला, त्याचं सुतक धरायचं की नाही? भटजींना विचारलं. भटजींनी डोकं खाजवलं, म्हणाले, याचं पोथीत काही नाही, आंघोळ करून घ्या म्हणजे झालं. काकूंनी आंघोळ केली. मग त्यांच्या लक्षात आलं, की भावाचाही तुकडा गेला. तेव्हा एक आंघोळ सासरची आणि एक माहेरची, अशा दोन केल्या. मी पाणी तापवून दिलं म्हणून मला ठाऊक.

काही दिवसांनी मास्तर एकटेच निकाल आणायला गेले. डॉक्टर नेमका बाहेरगावी. खिडकीपाशी बसलेल्या माणसानं गावाच्या नावानं पुकारा केला. "मोताळा कोण? मोताळ्याचा नमुना खराब निघाला. साहेब पुढल्या हप्त्यात भेटतील, समजावून सांगतील."

मास्तरांनी पुढचं काही ऐकलंच नाही. खराब निघाला. अगं, आम्ही अंगणात बसलो होतो, आणि थांब्यावरून शिट्टी ऐकू यायला लागली. एक नाही, दोन नाही, लांबलचक. गाय दावं ओढायला लागली. मास्तर लेफ्ट-राइट करत, लंगडत, हातात जिलबीचा पुडा घेऊन आले. पोरगा मॅट्रिक पास झाल्यासारखं तोंड. "खराब निघाला," म्हणाले. "साफ खराब. सरकारी माणसानं सांगतलं."

गावभर जिलबी वाटली. स्वतःचं मांस बिघडलं म्हणून जिलबी वाटणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नाही, नंतरही नाही. पण घेणाऱ्यांचे चेहरे बदललेले पाहिले. शिंपी म्हणाला, "मास्तर, मले मालूम नव्हतं हो." कंडक्टरनं पुढची जागा द्यायला सुरुवात केली. हेडमास्तरांनी मैदानावर खुर्ची ठेवली. न्हावी तर लाथेबद्दल माफी मागून फुकट दाढी करून गेला. मामा सकाळ-संध्याकाळ तेल घेऊन येऊन पोटऱ्या चोळायचा आणि काकू पुटपुटल्याशिवाय विटेचा शेक द्यायच्या. मास्तर सुखानं दुखणं भोगत होते. तेव्हाच्या त्यांच्या तोंडावरची निवांत कळा मला अजून दिसते.

त्यात शब्दाचीही गंमत झाली. 'नमुना' म्हणजे आपल्याकडे काय, ते तुला ठाऊक आहे. मास्तरांना गाव आधीपासूनच नमुना म्हणायचं, पाठीमागे. आता तोंडावर म्हणायला लागलं, "काय मास्तर, नमुना कसा काय?" आणि मास्तर खुशीत सांगायचे, "खराब हाये बाबा, खराब."

मग डॉक्टरला भेटायला दोघं पुन्हा गेले. मामालाही बोलावलं होतं, टाक्याची जागा बघायला.

डॉक्टरनं त्यांना दुर्बिणीवर वाकवलं. मामा हे सांगताना स्वतः वाकून दाखवायचा. आधी मास्तरांनी एक डोळा लावला. डॉक्टर म्हणाला, "मांसाचे धागे आडवे कापले की असे दिसतात. बघा, सगळे एका मापाचे, एकमेकांना खेटून, आपापल्या जागी."

मास्तरांची छाती फुगली. "सावधानमंधी उभे हायेत," म्हणाले.

"आता हा दुसरा. यात काही धागे बारीक, काही जाडे. मध्ये रिकाम्या जागा. हे ठिपके कडेला असायला पाहिजेत, ते आत सरकलेत."

मास्तरांनी बराच वेळ पाहिलं. "शाळा सुटल्यावानी दिसून राह्यलं," म्हणाले. "बेशिस्त. म्हंजे हा माह्या."

"नाही मास्तर. पहिला तुमचा. हा यांचा." डॉक्टरनं मामाकडे हात केला.

मास्तरांनी पुन्हा एकदा काचेला डोळा लावला. मास्तर म्हणाले, "पण मोताळ्याचा खराब निघाला म्हणून सांगतलं आम्हाले."

"मोताळ्याचाच आहे हा. कोणाचा, ते तुम्ही विचारलं नाही."

मग डॉक्टरनं नीट समजावलं, मामाला काही होणार नाही, खुशाल मळ्यात जा. अशी थोडीफार गडबड न दुखणाऱ्या माणसातही सापडते, आणि ज्याला रात्रंदिवस दुखतं त्याच्यात कधी कधी काहीच सापडत नाही. "मांसातली गडबड आणि दुखणं," तो म्हणाला, "यांची ओळख असते. नातं असेलच असं नाही."

"मंग मी खोटं बोलून राह्यलो का, साहेब?"

"असं कोण म्हणालं? या काचेत मांस दिसतं. दुखणं दिसायची काच अजून निघायची आहे."

गाडीत बसेपर्यंत मामा ठीक होता. अकोल्याला त्यानं पोटरीला हात लावून पाहिला. शेगावला कचोरी नको म्हणाला, तेव्हाच मास्तरांना समजायला हवं होतं. मलकापूरला उतरताना मामा लंगडत होता आणि त्याची पिशवी मास्तरांच्या खांद्यावर होती.

मामानं अंथरूण धरलं. वांगी तोडायला आलेली, बाजाराचा दिवस जवळ आलेला, आणि हा गडी डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलेला. मामी काकूंना म्हणाली, "कालपर्यंत बैलावानी होता व माय. काय दाखोलं याले त्या काचेतून?" मी आणि काकू वरण-भात घेऊन गेलो होतो. मास्तर बाजेशेजारी बसले होते, मान खाली. गावाला अजून काहीच माहीत नव्हतं. मैदानावर खुर्ची तशीच होती.

मामानं घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. "जवाईबापू, एक इचार करा."

"काय?"

"तुम्हाले खराब नमुना पाह्यजे अन् तुमच्यापाशी नाही. मले नको अन् माह्यापाशी हाये. गावाले कोन सांगते? तुम्ही घेऊन टाका माह्या. मी चांगला घेतो तुमचा. घरातल्या घरात हाये, कोनाले समजते?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या, मी काकूंकडे. खोटं कशाला सांगू, बोलणं बिनतोड होतं. खोटंही बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. खुर्ची राहिली असती, शेक राहिला असता, आणि मामा दुसऱ्या सकाळी उठून मळ्यात गेला असता. मास्तर पुष्कळ वेळ गळ्यातली शिट्टी बोटांनी फिरवत बसले. मग उठून गेले.

आमची विहीर शाळेच्या भिंतीला लागून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकू पाणी भरत होतो. काकूंच्या हातात दोर. पलीकडे प्रार्थना संपली आणि मास्तरांची शिट्टी वाजली.

"सावधान." मग जरा थांबून, "माझा नमुना चांगला निघाला आहे. खराब निघाला तो दुसऱ्याचा. त्या दुसऱ्याला काहीही दुखत नाही. मी जिलबी वाटली, ती चुकून वाटली. कुणी परत करू नये."

मग मागच्या रांगेतून एक जण हसला. मग चार. मग सगळी शाळा हसली, आणि त्यात मास्तरलोकांचे जाडे आवाजही होते. आमच्या मास्तरांनी त्यांना हसू दिलं. थांबवायला शिट्टी वाजवली नाही. हसणं सरलं तेव्हा ते बोलले, आणि ते शुद्ध भाषेत नव्हतं.

"पोरं हो, मले दुखते. काऊन दुखते ते मले मालूम नाही. पण दुखते."

काकूंच्या हातातून दोर सुटला. बादली खाली गेली, पाण्यावर आपटली. काकूंनी वाकूनही पाहिलं नाही. पदर खोचला आणि घरी निघाल्या. मी मागे.

मास्तर आले ते लेफ्ट-राइट न करता आले. ओसरीवर बसले. काकू समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील, काऊन सांगतलं गावाले, काऊन हसू करून घेतलं. आमच्या वऱ्हाडात कुणाला ठेच लागली तरी आधी काऊन, म्हणजे का, असंच विचारतात. इतके दिवस सगळ्या गावानं मास्तरांना तेच विचारलं होतं, आणि मास्तरांपाशी त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून ते नागपुराहून आणायला गेले होते.

काकूंनी विचारलं, "कुठं?"

अगं, शब्द पुरता व्हायच्या आत मास्तरांचं बोट गेलं. न बघता. डाव्या पोटरीच्या आतल्या अंगाला. मग वर मांडीवर. मग उजवीकडे. "इथं," म्हणाले. "अन् इथून अशी वर चढते. इथं थांबते." भांड्यात साठलेलं पाणी सांडावं तसे सांगत सुटले. काकू जमिनीवर बसल्या आणि तिथे तिथे हात ठेवत गेल्या. "इथं? हाव. अन् इथं?" मी विहिरीतली बादली काढायच्या निमित्तानं तिथून निघून आले. नवराबायकोच्या मध्ये कशाला थांबा.

संध्याकाळी काकू भावाकडे गेल्या. घोंगडी ओढली. "कुठं दुखते रे?"

मामानं पोटरी दाबली. मांडी दाबली. दुसरा पाय दाबला. पाठीमागे हात घालून पाहिला. "थांब," म्हणाला. "आताच तं होतं." पुन्हा खालून सुरुवात केली. मामी दारात उभी राहून बघत होती. शेवटी मामा ओशाळून म्हणाला, "सापडूनच नाही राह्यलं व अक्का."

"सापडलं की सांग. तवरोक वांगे तोड."

मामा बाजाराच्या दिवशी टोपल्यांसकट हजर होता. पुढे कितीतरी वर्षं तो तसल्याच खराब नमुन्यावर चार माणसांचं काम करत राहिला, आणि कुणाशी वाद झाला की पोटरी थोपटून म्हणायचा, "नागपूरले नाव हाये माह्या मांसाचं."

मास्तरांचं दुखणं? गेलं नाही. कधी कमी, कधी जास्त, शेवटपर्यंत राहिलं. धावण्याचं काम नव्या शिक्षकाकडे गेलं, आज्ञा मास्तरांकडे राहिल्या. खुर्ची हेडमास्तरांनी उचलली नाही, बहुतेक विसरले. पण एक झालं. कवायतीत कुणी म्हटलं, गुरुजी, दुखतं, की मास्तर खुर्चीतून विचारायचे, "कुठं?" पोरगं दाखवेल तिथे बघायचे आणि सावलीत बसवायचे. निंबाखाली कधी कधी अर्धा वर्ग बसलेला असायचा. मी एकदा म्हटलंही, मास्तर, यातली निम्मी लबाड आहेत. ते म्हणाले, "असतीन. पण कोनते निम्मे, ते सांग."

तेव्हा ऐक. तुझा नमुना चांगला निघाला, फार छान झालं, जिलबी मी खाईन. पण त्यावरून तू स्वतःलाच खोटी ठरवू नकोस. डॉक्टर बदलायचा तर बदल, तपासायचं ते तपास, ते चालू राहू दे. मला मात्र त्यातलं काही कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

तू इकडे ये. हिरवी वांगी निघायला लागलीत, मामाच्या नातवानं काल टोपलीभर आणून टाकली. भरीत करीन, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करीन. मलकापूरला उतर, पिशव्या उचलू नको, मी माणूस पाठवते. तुझ्या त्या पुण्यातल्या कामाला म्हणावं चार दिवस विश्राम. काऊन दुखते ते इथे तुला कुणीही विचारणार नाही. ओसरीवर ऊन येतं सकाळचं, तिथे बस, पाय पसर, आणि मी विचारलं की फक्त बोट ठेव. वांग्यांचे दिवस सरायच्या आत ये.